सातवी चूल

माझं आडनाव धुरी
आणि धंदा धूर घालवायचा.
निवतीच्या बंदरावर यावर हसून झालेलं आहे,
पुन्हा हसायची गरज नाही.

पहिली चूल पत्र्याची केली,
खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात तिची चाळण केली.
दुसरी बिडाची : तापायलाच अर्धी मोळी खायची,
पेजेच्या वाट्याला उरलेली.
तिसरीचं धुराडं सकाळभर छान ओढायचं,
मग मतलई पडायची, खारा वारा उठायचा
आणि सगळा धूर आल्या वाटेनं घरात परत,
विसरलेली पिशवी न्यायला आल्यासारखा.
चौथी-पाचवीबद्दल मी बोलत नाही.
सहावी चांगली होती, पण तिच्यात वीतभरच लाकूड जायचं,
आणि कोयतीनं वीत वीत कोण तोडत बसेल,
जिला सातला लिलावावर पोचायचं आहे?

सत्यवती खवणेकरनं हे मला सांगितलं नाही.
सहाव्या चुलीवर तिनं फळी टाकली,
फळीवर तांदळाचं सूप ठेवलं,
तेव्हा समजलं.

मग मी मापायला शिकलो.
तिच्याच माशांच्या तराजूत लाकूड तोललं,
पारड्याला सुरमईचा वास.
पाच लिटर पाणी, उकळी, घड्याळ.
सुरूचं ओलसर लाकूड वेगळं, काजूचं वेगळं,
नारळाची सोडणं वेगळी :
ती पटकन रागावतात, टिकत नाहीत.
वहीला अजून मासळी येते.

सातवी मातीची. मातीत भाताचा तूस कालवला.
भट्टीत तूस जळून जातो,
त्याच्या जागी बारीक बारीक काहीच नाही उरतं,
आणि ते काहीच नाही
आगीला बाहेर जाऊ देत नाही.
यावर मी एक रात्र झोपलो नाही.

खालून हवा, कोपरासारखं वळण,
वर कड्याला बारा भोकं.
धूर तिथं पोचतो आणि पेटतो.
धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड, एवढंच.
हे कळायला मला एकेचाळीस वर्षं लागली,
तेवढी वर्षं सत्यवतीनं फुंकणी फुंकली.

दोन किलोच्या जागी आठशे ग्रॅम.
टोपाचं बूड काळं झालं नाही.
शेजारणी बघायला आल्या,
एकीनं हळूच विचारलं, पेटलीय ना?

दोन पावसाळ्यांनी गेलो तर ती वर बघत उभी.
"धूर गेलो, बरा झाला," म्हणाली,
"पण वासो बघ."
वाशाला भुंगा लागला होता, पिवळी पूड
सारवलेल्या जमिनीवर, रव्यासारखी.
माळ्यावरच्या सोलांना बुरशी.
शिंकाळ्यातल्या सुक्या बांगड्यांवर माशा.
"आणि डास! ते तुझ्या वहीत खंय लिवलंस?"

वहीत नव्हते.
वहीत पाणी होतं, लाकूड होतं, वेळ होती.
मी धुराला नुसता वैरी म्हणून ओळखत होतो,
तिनं त्याला कामाला ठेवला होता,
पगार डोळ्यांतून देऊन.

आठवीला एक झडप आहे,
खापराची, चार बोटं रुंद.
ओढली की धुराड्याचं तोंड मिटतं,
बारा भोकांची हवा तुटते.
दिवेलागणीला ती वर ओली पानं टाकते,
झडप ओढते,
नातवाला उचलून अंगणात येऊन बसते, जाळं विणते.
धूर एकटाच आत कामाला लागतो :
वाशांत, सोलांत, पलंगाखाली.
मग ती तोंडाला पदर लावून जाते
आणि त्याची सुटी करते.

किती वेळ ठेवायची, मी विचारलं,
वही उघडून, पेन काढून.
तिनं दाराकडे तोंड करून
एकदाच हवा हुंगली.
"वास पुरो होयसर."

मी तेच लिहिलं,
मिनिटांच्या रकान्यात.